भोंग्याबरोबर न पेटलेला दिवा

"भोंगा वाजला, पण दिवा पेटलाच नाही!" टिटवीने हातांनी भावाला सांगितले.

भाऊ घारू, आई, बाबा, सगळे ठार बहिरे. ऐकू येई ते एकट्या बडबड्या टिटवीला. आई-बाबा या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत. बर्फ गोठवणारा विषारी गॅस गळला की भोंगा वाजायचा आणि न ऐकणाऱ्यांसाठी भिंतीवरचा लाल दिवा पेटायचा. निदान आज, महिन्याच्या चाचणीला, तो पेटायला हवा होता!

मागे खरंच गॅस गळला, तेव्हा इथेच काम करणारा बहिरा काका आतच राहिला आणि गेला. "दिवा पेटला होता, त्यानंच बघितलं नाही," असे मुकादमाने छातीठोकपणे सांगितले. तेव्हापासून आईने धसका घेतला होता. टिटवीची डोंगर चढायला शिकवणाऱ्या शाळेत निवड झाली होती, परवा निघायचे होते. पण आईचे हात एकच बोलत, "तू गेलीस तर आम्हाला कोण सांगणार?" सुट्टीभर तिला इथे बसवले होते, कान म्हणून! टिटवीला राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची.

जेवणाच्या सुट्टीत घारू शिडीवर चढला. मैत्रीण चष्मिस पहाऱ्यावर होती.

"लवकर! मुकादमाचं घोरणं थांबलंय!" ती कुजबुजली.

"अगं, घारूला काय कुजबुजतेस? हात हलव!"

घारू उतरला. त्याची बोटे भराभर चालली. "दिव्याची वायर कधीचीच तोडलीय, टोकावर धुळीचे थर आहेत. ती केबिनमध्ये नेलीय. त्याच्या पंख्याला!"

टिटवीला आता कळले. काकाला दिसायला काही नव्हतेच!

"मालकांना सांगूया," चष्मिस म्हणाली.

"ते मुकादमाचंच ऐकतील. दाखवूया!"

संध्याकाळी मालक फेरीला आले. "दिवा ठीक आहे ना?"

"एकदम ठणठणीत, साहेब!" मुकादम म्हणाला.

तेवढ्यात चष्मिसने भोंग्याचे बटण दाबले. एकच पळापळ! सर्वांच्या पुढे मुकादम! दाराबाहेर मालक धापा टाकत वळले आणि जागीच थिजले. आत आई-बाबा पाठमोरे, शांतपणे लादी ओढत होते.

"गॅस नाहीये!" टिटवी ओरडली. "पण असता तर? काका असाच आत राहिला!"

घारूने केबिनमधली वायर धरून दाखवली.

टिटवीने शेडचे दिवे बंद-चालू केले. घरी ते अशीच हाक मारत. आई-बाबांनी वर पाहिले आणि तिने सगळे सांगितले. बाबा ओल्या फरशीवर बसून मोठ्याने रडू लागले. तो आवाज त्यांना स्वतःला कधीच ऐकू आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवा पेटला आणि मुकादमाची हकालपट्टी झाली.

"शाबास, पोरी!" मालक म्हणाले. "आता रोज येत जा. यांचे कान तूच!"

हेही आईला टिटवीनेच सांगायचे, नेहमीसारखे. तिने सांगितले. आईने दिव्याकडे बोट केले आणि सावकाश हात हलवले.

"काय म्हणते आई?" मालकांनी विचारले.

"ती म्हणते, माझा दीर बहिरा होता म्हणून गेला नाही, दिवा नव्हता म्हणून गेला. आमचे कान तिथे भिंतीवर हवेत. पोरगी उद्या डोंगरावर जातेय."