एक तास अंधार

"हलू नका. हात वर करा."

मागून आवाज आला तेव्हा मी लॅपटॉपवर वाकले होते. वळून पाहिलं. बांधावर एक तरुण उभा होता, हातात काठी. माझ्या कपाळावरच्या दिव्याचा लाल उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि उलट तोच दोन पावलं मागे सरला.

"बाईमाणूस हाय व्हय..." काठी खाली आली. "आम्हाला वाटलं ड्रोनवाले चोर. चार दिस झाले, इथनं लाल उजेड दिसतोय."

"ड्रोन नाही, दुर्बीण आहे. मी दीर्घिकांचे फोटो काढते."

"कुणाचे?"

"दीर्घिका. म्हणजे... ताऱ्यांचे कळप. फार लांबचे."

"कळप व्हय." तो जरा हसला. "आमच्या आज्यापत्तूर आमच्याकडं बी कळपच होते. मेंढरांचे."

तो ईश्वर. शेजारच्या उसाचा मालक. मी राहू गावात संपतमामांकडे नुकतीच राहायला आले होते. आमचं घर केंदूरला, नोकरी केडगावच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत. आठ इंची जुनी दुर्बीण मी पगारातून घेतली होती आणि मामांच्या घरामागे मांडली होती.

दुसऱ्या रात्री तो भाजलेल्या शेंगा घेऊन आला. "काल घाबरवलं, त्याची भरपाई," म्हणाला. मी त्याला सप्तर्षीच्या शेपटीचं टोक दाखवलं, मरीची तारा. त्याच्या जरा खाली, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी माझी दीर्घिका होती. तीन मिनिटांचा एक फोटो आला. राखेचं बोट लागावं तसा डाग.

"एवढंच?"

"थांबा ना." मी वीस फोटो एकावर एक चढवले. डागाला हळूहळू दोन भुजा फुटल्या, भोवऱ्यासारख्या वळलेल्या. तो श्वास धरून पाहत राहिला.

"हा उजेड तीन कोटी वर्षांपूर्वी निघालाय."

"आन् पोचला कवा?"

"आत्ता. तुमच्या बांधावर."

"लई उशीर केला," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "आपल्याच्यानं एवढी वाट बघणं हुणार न्हाई, मॅडम."

मला एकदम स्क्रीनवर काहीतरी तपासायचं होतं... असं मी दाखवलं.

फोटो मात्र हवे तसे येत नव्हते. दीर्घिका जिथून वर येई त्याच बाजूला, उसापलीकडे, ईश्वरच्या विहिरीवर एक मोठा पांढरा दिवा रात्रभर जळायचा. त्या उजेडात आकाश धुऊन निघायचं. चौथ्या दिवशी मी विचारलंच, "तो दिवा जरा बंद करता येईल?"

तो शेंगा सोलायचा थांबला.

"आबा विझवू देत न्हाईत." आबा म्हणजे त्याचे आजोबा, गेणबा. "माझे चुलते, हौसराव... नऊ वर्षं झाली. रात्री मोटार चालू कराया गेले, विहिरीवर दिवा नव्हता. विहिरीत पडले. आत्ताच्या माझ्याएवढेच होते. त्याच्यानंतर अंधार झाला की तिकडनं हाक यायची. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन. आबांनी दिवा लावला, तवापासनं गप हाय."

"तुम्ही ऐकलीय?"

"न्हाई. मी तवा पुण्यात कंपनीत होतो." मग म्हणाला, "लोक म्हणतात, माझा आवाज त्यांच्यावर गेलाय."

मी पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यानेच काढला, अमावास्येच्या दुपारी. "आबा आज आत्याकडं मुक्कामाला चाललेत. दहा ते अकरा... एक तास. मी खटका बंद करतो आन् तुमच्याकडं येतो."

"आणि हाक आली तर?"

"तर ओ देऊ नका," तो म्हणाला. हसून म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

बरोबर दहाला दिवा गेला. अंधार असा उतरला की माझे हात मला दिसेनात, आणि वर मात्र आकाश खोल होत गेलं. पहिलाच फोटो काळाशार आला, त्यात दीर्घिकेच्या भुजा स्पष्ट. मी एकटीच हसले. त्याला दाखवायचं होतं.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. तो आला नाही. मग माझ्या लक्षात आलं, रातकिडे थांबलेत. वस्तीवरची कुत्रीही.

"प्रतिभा..."

ईश्वरचा आवाज. उसाकडून. आजवर त्याने मला मॅडमशिवाय काही म्हटलं नव्हतं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. छातीत काहीतरी गोड हललं.

"प्रतिभा... ये ना इकडं."

मी निघाले. उसाच्या कडेने, ओल्या मातीतून. पाती गालाला लागत होती. ओ द्यायला माझे ओठ उघडलेही होते, पण लाजेने शब्द फुटेना. पाण्याचा गार वास आला. पायाखाली सुटे दगड कुरकुरले, आणि त्यातला एक पुढे घरंगळला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

कुणीतरी मागून माझं मनगट धरलं.

"कुठं निघालाय, मॅडम?" ईश्वर. धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखलात. "खाली पाइप फुटला होता, त्यात अडकलो. तुमच्याकडं आलो तर तुम्ही न्हाई—"

"प्रतिभा..."

समोरून. खालून. ईश्वरच्याच आवाजात. आणि ईश्वर माझ्या पाठीशी उभा होता, ओठ मिटून.

त्याने मनगट आणखी घट्ट धरलं.

"ओ दिली का तुम्ही?" तो कुजबुजला.

"नाही."

तो मला मागे सारून एक पाऊल पुढे झाला. अंधारात विहिरीकडे तोंड करून बोलला, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "काका, मी ईश्वर. ही माझी हाय. हिला बोलवू नका."

 मग खाली पाणी हललं, एकदाच, कुणी कूस बदलावी तसं.

माझा हात न सोडता त्याने खांबावरचा खटका चाचपला. दिवा लागला. माझी पावलं काठापासून हातभर अंतरावर उमटली होती. विहिरीत कुणी नव्हतं. पाण्यावर एक गोल वर्तुळ मात्र अजून पसरत होतं... सावकाश.

 दुर्बिणीपाशी परत आल्यावर मी विचारलं, "काकांना काय सांगितलंत?"

"तुम्ही ऐकलं की."

"त्यांना सांगितलंत. मला कुठे सांगितलंत?"

 त्याने मान वर केली आणि सांगितलं. काय, ते आमच्या दोघांतच राहू दे.

सकाळी त्याने आबांपुढे सगळं कबूल केलं. आबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आवाज बरा होता का रं त्याचा?"

राहूत मी पुन्हा अंधार मागितला नाही. चैत्री अमावास्येला ईश्वरने दुर्बीण छोट्या टेम्पोत गाद्यांवर निजवली आणि केंदूरला आमच्या घरामागे आणून मांडली. पुढच्या सीटवर आबा, नवं धोतर नेसून. रात्री त्यांनी स्क्रीनवर ती दीर्घिका पाहिली, आणि लगेच माझ्या वडिलांकडे वळून मागणी घातली.

"विचार करून कळवतो," वडील म्हणाले.

"मला विचारा ना, दादा," मी त्यांना म्हणाले.

वडिलांनी ईश्वरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुला विचारतो."

मी हो म्हणाले. पुढचा तीन मिनिटांचा फोटो अजून पुरा व्हायचा होता.