सोमवारचं ऊन

जामसरच्या वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध मी उभी होते. मान वर... ढगांत कुठे फट दिसते का बघत. मागून गाडी आलेली मला कळलीच नाही, कारण ती आवाजच करत नव्हती. ब्रेक कचकन दाबल्याचं ऐकू आलं आणि माझ्या ओढणीवर चिखल उडाला.

"हॉर्न नाय का गाडीला?"

"आहे ना." तो स्कूटरवरून उतरला. "पण वाजवला की तेवढं ऊन खर्च होतं."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी ओढणी झटकत राहिले.

"आणि तुझं काय हरवलंय आभाळात?"

"सूर्य," मी म्हटलं. "तो दिसल्याशिवाय जेवत नाही मी. चातुर्मासाचा नेम आहे."

लोक यावर हसतात. तो हसला नाही. सीटवर थाप मारून म्हणाला, "मग तिघं झालो आपण. हिलाही तोच लागतो... मलाही."

त्याचं नाव बासित. जव्हारचा. वडील इदरीसचाचा जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. बासितने कुणीतरी टाकून दिलेली विजेची स्कूटर दुरुस्त केली होती आणि घराच्या पत्र्यावर दोन सोलर पॅनल बसवून तिला उन्हावर चार्ज करायचा. त्या वर्षी, २००८ साली, आमच्या पाड्यात एका संस्थेने घरोघर एकेक पॅनल दिलं होतं. ती बघायचं काम त्याच्याकडे होतं.

चढावर बॅटरी अर्धी व्हायची. मग आमच्या अंगणात, आमच्या पॅनलवर, ती दोन-तीन तास लावायची आणि उन्हाची वाट बघत ओट्यावर बसायचं. कधीकधी मला वाटायचं, आज ढग यावेत... म्हणजे वेळ लागेल. मग मीच कान पकडायचे. नेम सूर्याचा, आणि मागते काय, तर ढग!

नेम आईसाठी होता. वीटभट्टीच्या धुराने तिची छाती पार गेली होती. जव्हारच्या डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं, दिवसातून दोनदा लावायला. ते विजेवर चाले, आणि वीज आमच्याकडे मनात आलं तर यायची.

भाद्रपदात रमजान आला. मी चहा पुढे केला.

"रोजा आहे."

"कधी सोडायचा?"

"तो बुडला की."

"आणि मी तो दिसला की." मला हसू आलं.

"म्हणजे आपण दोघं..." तो स्कूटरच्या वायरशी चाळा करत राहिला. "एका वेळी, एका ताटात... जमायचंच नाय."

मी उगाच झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं. आतून आई खोकली.

त्याच महिन्यात आभाळ मिटलं. सोमवारी दुपारभर ऊन होतं, मग मंगळवारपासून काहीच नाही. विजेचे खांब पडले. ओढ्याला पूर आला, मोखाड्याची जीप बंद, जव्हारची बंद. पॅनलवर नुसतं पाणी वाहत होतं, घरातली बॅटरी मेली. शुक्रवारी आई बसूनच होती, आडवी होऊच शकत नव्हती. मी चार दिवस पाण्यावर. बाबा म्हणाले, "बायो, घास तरी खा. तूही पडलीस तर मी कोणाला धरू?"

मी मान हलवली. नेम सोडला तर आईला काय सांगू?

शनिवारी दुपारी अंगणात ब्रेक वाजला. बासित नखशिखांत भिजलेला, ओठ कोरडे. सीट उचलून त्याने चारही बॅटऱ्या काढल्या, इन्व्हर्टरचा डबा जोडला, मशीन लावलं. घरघर सुरू झाली. आईच्या नाकातोंडाशी वाफ आली आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"पूर्ण चार्ज कशी राहिली?" मी विचारलं.

"आठवडाभर चालवलीच नाही. आज ओढ्याचं पाणी उतरलं, तशी ढकलतच आणली. वाटलं... लागेल तुला."

त्याने आढ्याला एक बल्बही टांगला. पेटवला.

"बघ. सोमवारचं ऊन आहे हे. आमच्या पत्र्यावर पडलं, ते उचलून आणलंय. आता जेव."

"नेम मोडेल रे..."

"तुझ्या देवाला विचार. मी थांबतो."

मी बल्बकडे बघितलं. मग आईच्या छातीकडे. हात जोडले, आणि नागलीची अर्धी भाकर मिठाशी खाल्ली. तो, रोजा असलेला, समोर बसून मला खाताना बघत होता. मग बॅटऱ्या आणि गाडी तिथेच सोडून, भर पावसात, जव्हारला पायी निघून गेला.

मंगळवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. त्याच्या जरा आधी आई गेली. मशीन चालू होतं. बल्बही.

रडायला आलेल्या बायकांत धोंडीबाई मोठ्याने म्हणाली, "दिव्याला सूर्य म्हणून जेवली पोरगी. मग आई राहील काय?"

नेमकं तेव्हाच बासित अंगणाच्या कडेशी येऊन उभा होता. पुढे आला नाही. बायका गेल्यावरही तिथेच.

"माझ्यामुळे..." तो तिथूनच म्हणाला. "मीच म्हटलं, जेव."

धोंडीबाईचं मी मनात दोन दिवस घोळवत बसले असते. पण त्याचा चेहरा बघितला आणि मला लगेच कळलं मी काय मानते ते.

"तो सूर्यच होता," मी म्हटलं. "आई तीन दिवस त्याच्यावर श्वास घेत होती. मी खोट्याला हात जोडले नव्हते, बासित."

त्याने आतून बॅटऱ्या आणून गाडीत बसवल्या, आमच्या पॅनलवर लावल्या, ओट्याच्या टोकाला बसला. ऊन कडक होतं.

निघताना मी त्याच्या हातात शेजारून आलेली भाकर फडक्यात बांधून दिली. "बुडल्यावर खा."

"आणि तू?"

"मला आज दिसला." मी थांबले. "पण चातुर्मास संपला नाही अजून. आभाळ भरलं की... येशील?"

"ऊन घेऊन?"

"नसलं तरी."

त्याने फडकं हँडलला बांधलं. स्कूटर न वाजता उतारावरून गेली. मग वळणावर, जिथे तो पहिल्यांदा भेटला तिथे, हॉर्न ऐकू आला... लांबलचक, थांबेचना.

बाबा ओट्यावर आले. "कोण गं एवढा वाजवतो?"

मी डोळे पुसले. "त्याचं ऊन आहे, बाबा. खर्चू दे."