काळातल्या दोन फटी

क्षणभर असणारा, मग नसणारा, मग पुन्हा असणारा आरसा.

दारावरची नावाची पाटी काढल्यावर उरलेली स्क्रूची भोकं.

अकोल्याच्या शिकवणी वर्गात फळ्यावर लाटा काढणारा माणूस. मुलं म्हणतात, सर कधी हसत नाहीत.

नखाएवढा स्फटिक. त्याला लोंबणारी बारीक तार.

हा स्फटिक डॉ. फिरोज पठाणांना सापडला. चिखलदऱ्याच्या प्रकाश-प्रयोगशाळेतलं एक टेबल हलवायचं होतं, म्हणून ते भिंगं तपासत होते. डॉ. वैजयंती खोडके कॉफी ओतत होत्या. दोघं शिकताना एका वर्गातले.

टेबल सुयोग काळमेघचं, बाईंच्या विद्यार्थ्याचं. त्याने क्षणदर्पण बनवला होता: लेसरचा ठोका बसला की निमिषापुरती आरसा होणारी काच. ती लागोपाठ दोनदा आरसा झाली की प्रकाशाला काळातल्या दोन फटी मिळतात. जागेतल्या दोन फटी पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटवतात. काळातल्या फटी ते रंगांमध्ये उमटवतात. एक रंग उजळ, शेजारचा गायब. सुयोगचे पट्टे इतके सुबक होते की बाईंना ते बनावट वाटले. त्यांनी समितीसमोर चाचणी ठेवली. पट्टे आले नाहीत. सुयोगची पीएचडी गेली, नावावर लबाडीचा शिक्का बसला.

पठाणांनी स्फटिक उजेडात धरला. "वैजू, हा पापडाचा तुकडा कुणाचा?"

"माझा. चाचणीसाठी लावला होता. तो पहिल्या क्षणी आलेल्या प्रकाशावर उभी खूण करतो, दुसऱ्या क्षणी आलेल्या प्रकाशावर आडवी. खरंच दोनदा येतो का, ते बघायचं होतं."

"बघितलंस?"

"पट्टेच नव्हते. मग खुणा कशाला बघू?"

पठाणांनी कप खाली ठेवला. "त्या कुणी बघाव्याच लागत नाहीत. प्रकाश कुठल्या क्षणी आला हे कळायची सोय झाली, की पट्टे पुसले जातात. हे तू दरवर्षी शिकवतेस."

टेबलावरची मांडणी अजून उतरवली नव्हती. पठाणांनी लेसर सुरू केला. स्फटिक नसताना पडद्यावर रंगांचे पट्टे आले, सुयोगच्या आलेखासारखेच सुबक. मग त्यांनी स्फटिक बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो प्रकाशाच्या मार्गात ठेवला. पट्टे गेले. काढला; आले. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली नाही.

पठाण म्हणाले, समितीला नंतर कळवू, आधी त्याला सांग. बाईंनी फोन लावला.

"बोला मॅडम," सुयोग म्हणाला. मागे मुलांचा गलका होता.

"सुयोग, तुझा प्रयोग बरोबर होता. चाचणीच्या दिवशी मार्गात एक स्फटिक राहून गेला होता."

गलका थांबला, त्याने वर्गाचं दार लावलं असावं.

"राहून गेला होता?"

पठाण खिडकीकडे वळले. बाईंच्या मुठीत ती तार रुतत होती.

चाचणीच्या सकाळी, समिती यायच्या आधी, सुयोगने त्यांना विचारलं होतं, मॅडम, मार्गात आणखी काही ठेवलंय का? त्या नाही म्हणाल्या होत्या.