वरवंट्याच्या जागी बाहुली

यातली नावं मी बदललेली नाहीत. नावं बदलली तर ही गोष्ट सांगताच येणार नाही.

हे खरं घडलंय. इंग्लंडात, बेसिंगस्टोकला, माझ्या सख्ख्या भावाच्या घरात, दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरमध्ये. मी तिथे होते.

इतके दिवस कुठे बोलले नव्हते. पण मागच्या महिन्यात इथे कॉव्हेंट्रीला ऑफिसमधल्या मुलींनी मला एका सिनेमाला ओढून नेलं. कुठल्याशा जुन्या भयपटाचा रिमेक. जुन्यात बाहुली मंत्राने जागी व्हायची म्हणे, नव्यात सॉफ्टवेअरने. ती सुरी घेऊन धावायची आणि थिएटर हसायचं. मीही हसत होते.

मग एका सीनमध्ये कुणीतरी तिला नावाने हाक मारली...

आणि तिने सावकाश मान वळवली.

मी कोट उचलला आणि बाहेर आले.

तर तो डिसेंबर. माझा भाऊ इंद्रजित, त्याला मी दादा म्हणते. कल्याणीवहिनी. त्यांची सहा वर्षांची सान्वी. आणि जेमतेम महिन्याची धाकटी. तिचं बारसं होतं आणि मी आत्या म्हणून मुद्दाम सुट्टी काढून गेले होते.

रविवारची दुपार होती. म्हणजे घड्याळात दुपार. डिसेंबरात इथे चार वाजले की काळोख अंगणात येऊन उभा राहतो, आणि चहाच्या वेळेलाच तिन्हीसांज होते.

पाळणा म्हणून वेताची मोझेस बास्केट होती, झुलत्या स्टँडवर ठेवलेली. तिला वहिनीने झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा बांधल्या होत्या. वहिनीच्या आईंना व्हिसा वेळेत मिळाला नव्हता. त्या, लीलावतीकाकू, साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होत्या. मोबाईल दुधाच्या डब्याला टेकवून ठेवलेला.

काकू म्हणाल्या, आधी वरवंटा घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाआधी पाळण्यात दगडी वरवंटा निजवतात. अगदी बाळासारखा, कुंची घालून. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत त्याला पाळण्यावरून आणि खालून फिरवतात. आमच्याकडे तर नावाचं पहिलं 'कुर्रर्र'ही त्याच्याच कानात करतात. आसपास जे काही टपून बसलेलं असेल, ते त्या पहिल्या बाळाला धरतं. धरलं तर धरू दे. दगडाला भूक नाही, दगडाला तोंड नाही. आलेलं सगळं तो गिळतो आणि गप्प राहतो.

पण दादाच्या घरात वरवंटा कुठून असणार?

मिक्सरचं भांडं चालेल का, असं त्याने विचारून पाहिलं. मग लाटणं आणलं. काकूंनी ते परत पाठवलं. लाटणं निजवलंत तर जन्मभर पोळ्याच लाटेल माझी नात, म्हणाल्या. सगळे हसलो. शेजारची रेखा आली होती, तिने बागेतून एखादा दगड आणू का विचारलं, पण बाहेर बर्फाळ पाऊस पडत होता.

तेवढ्यात सान्वी वर पळाली आणि तिची बाहुली घेऊन आली.

"आत्तू, टॅलीला घे. तो पण बेबी आहे. तो रडत नाही."

सान्वीचं मराठी असंच. टॅली म्हणजे तिची वाढदिवसाची बोलकी बाहुली. काचेच्या डोळ्यांत कॅमेरे. माणसं ओळखायची, गप्पा मारायची, मान वळवायची, हात हलवायची. चालायची मात्र नाही. आणि बोलायची फक्त इंग्रजी.

दादाने तिच्या पाठीतलं बटण दाबलं. डोळ्यांतला निळा दिवा विझला. काकूही हसून म्हणाल्या, चालवा, परदेशात तेवढं चालायचंच.

मग आम्ही तिला कुंची घातली. वरून दिली, खालून घेतली. बास्केटमध्ये निजवलं. मी वाकले आणि तिच्या रबरी कानात म्हटलं, कुर्रर्र... कस्तुरी. वहिनी आणि रेखाने माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले.

नंतर खरं बाळ. तेच नाव.

मग मी आमच्या आईची ओवी पाळण्यासारखी म्हटली.

*नीज गं माझ्या बाई, दिवा लाविते दारात,*
*सावली आली मागे, नको घेऊ तिला घरात.*

ओवी संपली. आणि एक सूर... जरा उशिरा संपला.

वहिनीला वाटलं रेखा गुणगुणली. मला वाटलं काकू असतील, कॉलवर आवाज मागे राहतो ना, तसा.

पण मी मोबाईल उचलला तर कॉल केव्हाच कट झालेला होता.

वहिनीला बाळंतपणानंतर अजून बरं वाटत नव्हतं, म्हणून मी राहिले. सान्वीच्या खोलीच्या खालीच, डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून काम करायचे.

एका सकाळी वहिनी जिना चढताना लाडाने बाळाशी बोलत होती. उठली का माझी कस्तुरी?

वरून आवाज आला.

"ओ..."

बारीक. गोड. लहान मुलीसारखा.

वहिनी पायरीवरच थांबली. माझे हात कीबोर्डवर थांबले. सान्वी शाळेत होती. दादा ऑफिसला.

आम्ही दोघी वर गेलो. बाळ बास्केटमध्ये जागंच होतं. सान्वीच्या खोलीत टॅली फळीवर बसलेली. दिवा विझलेला. फक्त तिची मान... दाराकडे होती.

दादा सॉफ्टवेअरवाला माणूस. त्याने ॲप उघडून दाखवलं, बारशाच्या दिवसापासून बाहुली बंद आहे. काहीतरी अपडेट अर्धवट राहिलं असेल, म्हणाला. तरी आमच्या समाधानासाठी त्याने बॅटरी काढली आणि किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

त्यानंतर बाळाचं रडणं बंद झालं.

आधी बरंच वाटलं. रेखा म्हणाली, नशीबवान आहात, गुणी बाळ आहे. पण ती दूधही मागेना. तोंडाशी धरलं तर दोन घोट घ्यायची आणि विसरून जायची, जणू भूक ही गोष्ट तिच्यातून कुणी उचलून नेली होती. दार आपटलं तरी दचकायची नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहायची...

बाळाला तपासायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सने वजन केलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग फॅमिली डॉक्टर, मग हॉस्पिटल. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. फक्त वजन उतरत चाललं होतं. हातात घेतलं की आधीपेक्षा हलकं लागायचं, आणि गार.

घरात रडणं मात्र ऐकू यायचं.

हे मला नीट सांगता आलं पाहिजे. बाळ माझ्या मांडीवर गप्प असायचं... आणि वरच्या मजल्यावर बाळ रडत असायचं.

एका दुपारी ते रडणं एकदम थांबलं. म्हणून मी वर गेले. सान्वीच्या दारात वहिनी पाठमोरी उभी होती. हळूहळू डुलत होती.

वळली तेव्हा तिच्या कडेवर टॅली होती. वहिनीचा टॉप छातीशी ओला झाला होता. तिला पान्हा फुटला होता.

"आसावरी, हीच रडत होती गं. हिला भूक लागलीय."

मी बाहुली तिच्या हातातून काढून घेतली. वहिनी भानावर आली आणि खाली बसून हमसून रडली. खोलीत पडलेल्या तिच्या पोटच्या बाळासाठी पान्हा आटत चालला होता, आणि रबराच्या हाकेला तो धावून येत होता. आईला याहून मोठी शिक्षा कोणती?

मी ड्रॉवर उघडून पाहिला. बॅटरी तिथेच होती.

दादाला ऑफिसात फोन करून म्हटलं, आजच ही घराबाहेर काढ. तो म्हणाला, संध्याकाळी आलो की नेतो.

ती संध्याकाळ.

सान्वी शाळेतून आली होती. माझ्या समोर, टेबलाच्या पलीकडे बसून रंग भरत होती. वहिनीला सोफ्यावर जरा डोळा लागला होता. बाळ वर निजलेलं. खिडकीबाहेर पूर्ण अंधार, रस्त्यावरचे दिवे लागलेले.

सान्वीचा क्रेयॉन थांबला.

तिने वर पाहिलं. मग मलाही ऐकू आलं.

कुणीतरी गात होतं...

*नीज गं माझ्या बाई, दिवा लाविते दारात,*
*सावली मी आले मागे, घे गं मला घरात.*

मी जिना कसा चढले आठवत नाही. बाळाच्या खोलीत दिवा नव्हता. बास्केट झुलत होती. एका लयीत, कुणी दोरी धरावी तशी.

आत कुंची घातलेलं बाळ होतं. कुंची तोंडापर्यंत ओढलेली.

मी ती बाजूला केली.

काचेचे डोळे. आत निळा दिवा... लागलेला.

आमचं बाळ कुठे होतं?

हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तोंड तसंच राहिलं. कुठल्या नावाने हाक मारणार होते मी? त्या नावाला ओ देणारी तर माझ्यासमोर होती. हाकेची वाटच बघत होती.

मी गुडघ्यांवर बसले.

बास्केटच्या खाली, कार्पेटवर, एक गाठोडं होतं. डोक्यापासून पायापर्यंत शालीत घट्ट गुंडाळलेलं. चेहऱ्यावरूनही शाल. आम्ही वरून दिली, खालून घेतली... तसंच कुणीतरी खालून घेतलं होतं. आणि वर परत दिलं नव्हतं.

मी शाल सोडली. ओठ निळे पडले होते. श्वास होता, दोऱ्याएवढा.

मी वहिनीला हाक मारली, रेखाला बोलावून सान्वीला तिच्याकडे दिलं, ॲम्ब्युलन्स बोलावली. दादा थेट हॉस्पिटलला आला. आत नर्सेस बाळाच्या तळपायांवर टिचक्या मारत होत्या, आणि त्यांतलीच एक प्रेमळ बाई तिच्या तोंडाशी वाकून पुन्हा पुन्हा नावाने बोलावत होती. कस्तुरी, कम ऑन डार्लिंग. कस्तुरी.

प्रत्येक हाकेला मशीनवरचा आकडा खाली जात होता.

मी खोटं सांगत नाही. मी तो आकडा बघत होते.

दादाने काकूंना फोन लावला होता. त्याला धड बोलता येत नव्हतं, म्हणून मी घेतला. मी सगळं सांगितलं.  मग काकूंचा आवाज आला, अगदी शांत.

"त्या नावानं तिला बोलावू नका. ते त्या दुसरीला गेलं. दिलेलं नाव मागून घेता येत नाही, आसावरी. हिला धोंडी म्हणा."

मूल जगत नाही अशा घरांतून पूर्वी अशी नावं ठेवत. धोंडी, दगडू. कुणाची वासना जाऊ नये अशी. वाट चुकून आलेल्याला वाटावं, इथे बाळ नाही, नुसता दगड आहे.

वहिनीने त्या बाईला बाजूला केलं. वाकली. लेकीच्या कानाशी ओठ नेले आणि तिने कुर्रर्र केलं. आईने करायचं नसतं ते, पण केलं.

"धोंडे... ये गं बाई."

काही झालं नाही.

"धोंडे."

आणि माझी भाची रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. इतक्या मोठ्याने की पडद्यापलीकडचं कुणीतरी बघायला आलं.

नंतर हॉस्पिटलमध्ये खूप प्रश्न विचारले. शेवटी सान्वीने खेळताना बाळाला उचललं असेल, असं सगळ्यांनी धरलं. सान्वी माझ्यासमोर बसून रंग भरत होती, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

दादाने बाहुली कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे गावाचा कचरा टाकतात तिथे, नेऊन दिली. रिकाम्या हाताने परत आला. आम्ही कुणी काही विचारलं नाही.

धोंडी आता दोन वर्षांची आहे. दणकट आहे, घर डोक्यावर घेते. तिच्या जन्मदाखल्यावर दुसरं नाव आहे. ते घरात कुणी उच्चारत नाही. मी इथे लिहिलं, तेही दिवसाउजेडी लिहिलं.

सिनेमाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. तेव्हा त्याने सांगितलं. टिपवरच्या माणसाने बाहुली हातात घेऊन पाहिली होती. इतकी चांगली वस्तू मोडीत काय टाकायची, म्हणाला. शेजारी जुन्या वस्तूंचं दुकान आहे, त्याच्या फळीवर त्याने ती बसवली. पुढच्या खेपेला दादा गेला तेव्हा फळी रिकामी होती.

कुणीतरी नेली. घरात लहान मूल असेल, म्हणूनच नेली असेल.

वहिनी फोन स्पीकरवर ऐकत होती, हे मला माहीत नव्हतं. पलीकडे धोंडी काहीतरी आपटत खिदळत होती. 

मग वहिनी हळू आवाजात म्हणाली, "तिला भूक लागली तर कळेल का गं तिथे कुणाला?"

 

काल दादाचा मेसेज आला. वहिनी हल्ली धोंडीला बाबागाडीत घालून त्या दुकानात जाते. काही घेत नाही. कुणी नेली, एवढंच विचारून येते.