लाल दोऱ्यांच्या गाठी

"थांब! पुढे पाऊल टाकू नकोस!" यीजेन कुजबुजली.

तिचा चुलतभाऊ बोश्युन जागीच थबकला. छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीतली तिसरी पहाट होती. काल इथेच दाट गवताआड पाणलावा अंड्यांवर बसलेला त्यांनी पाहिला होता. आगोंगनी, म्हणजे आजोबांनी रोवलेली लाल फडक्याची काठी जागच्या जागी होती. पण गवत मात्र दोन्ही बाजूंना ओढून लाल दोऱ्यांनी बांधलेलं! चार अंडी उघडी, आणि पक्षी गायब!

"कुत्र्याने केलं असेल," बोश्युन म्हणाला.

"हो का? तुझ्या गल्लीतले कुत्रे गाठीही मारतात?"

मागून आगोंग आले. नऊ वर्षं ते या पाणथळीची राखण करत होते. त्यांनी घाईघाईने दोऱ्या सोडल्या, अंडी झाकली आणि सर्वांना बांधावर मागे घेतलं.

"ऊन चढायच्या आत बाप परतला नाही, तर अंडी गेली!" पाणलाव्यांत अंडी बापच उबवतो. "ही जागा आपल्या तिघांनाच ठाऊक होती. कोणाजवळ बडबडलात?"

"आम्ही नाही!"

"मग काय आकाशवाणी झाली? उद्यापासून तुमच्या फेऱ्या बंद!"

यीजेनच्या डोळ्यांत पाणीच आलं. आगोंगना आपला संशय यावा? तिने दोऱ्या उचलल्या आणि बोश्युनला बाजूला ओढलं.

"ही तर गरम सोयादुधाच्या पिशवीची दोरी!" खादाड बोश्युनने झटकन ओळखलं.

बांधाच्या टोकाला हातभर लांब कॅमेरा लावून, पक्ष्यांच्या फोटोंचं वेड असलेले ल्याओ काका सोयादूध पीत बसले होते. पिशवीचं तोंड मुठीत आवळलेलं, पायाशी दुसरी रिकामी पिशवी. दोरी दोन्हींना नव्हती!

"धरूया त्यांना!" बोश्युन म्हणाला.

"नुसत्या दोरीवरून? ते कानावर हात ठेवतील. गंमत बघ!"

यीजेन साळसूदपणे जवळ गेली. "काका, पाणलाव्याने यंदा तीनच अंडी घातली म्हणे?"

"तीन? कोण म्हणतो? चार आहेत, चार! हे बघ!"

काकांनी ऐटीत फोटो दाखवला. अंड्यांशेजारी बाप उभा होता आणि दोन्ही कडांना लाल दोऱ्या लखलखत होत्या!

"आगोंग, लवकर या!" यीजेन ओरडली. काकांना ठसका लागला आणि सगळं दूध शर्टावर सांडलं.

"ल्याओ, फोटोसाठी घरटं उघडं पाडलंत, लाज नाही वाटली? आता वनखात्याच्या कचेरीत चला," आगोंग गरजले. "पण जागा कोणी सांगितली?"

"तुम्हीच की!" काका चाचरत म्हणाले. "गवत कापणाऱ्यांनी लांब राहावं म्हणून लाल फडकं लावलंत ना? म्हटलं, इथे एवढं काय जपायचंय, बघावं तरी!"

आगोंग कानापर्यंत लाल झाले.

"श्श!" बोश्युनने दुर्बीण डोळ्यांना लावली. "बाप आला!"

पाणलावा चिखलातून दबकत आला, क्षणभर थांबला आणि गवतात शिरला. बाहेर आलाच नाही. यीजेनने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

"चुकलो गं पोरी," आगोंग म्हणाले. "मी नुसती राखण करत बसलो, चोर तू पकडलास. उद्यापासून राखणदार तू! आणि आधी माझ्यावर नजर ठेव!"