पाहुण्या पेशी

प्रसाविकेकडची पहिली भेट तासाभरात आटोपते, असं ऋजुताला मैत्रिणींनी सांगितलं होतं. वजन, उंची, रक्तदाब, लघवीची तपासणी, ढीगभर प्रश्न, बोटातून रक्ताचे चार थेंब आणि निघताना फोलिक ॲसिडच्या गोळ्या. म्हणून तिने राईस मिलमधून अर्ध्याच दिवसाची रजा काढली होती. मिलच्या प्रयोगशाळेत ती तांदळाची प्रत तपासायची. तिचा नवरा कुणाल सौर प्रकल्पावर पर्यवेक्षक होता. तो मात्र पूर्ण दिवसाची रजा टाकून आला होता, कारण बाळाचं पहिलं काही पाहायला मिळणार असेल तर त्याला ते चुकवायचं नव्हतं.

भंडारा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी प्रसाविका केंद्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. तिथल्या शालनताई डोंगरवार गेली तीस वर्षं हेच काम करत होत्या. कागदी कार्डांवर निळ्या शाईने नोंदी करण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. अजूनही प्रश्न विचारताना त्या पडद्याकडे न बघता समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघत.

शेवटची पाळी कधी आली? उलट्या होतात का? झोप लागते का? माहेरी-सासरी कुणाला साखर, सिकल, रक्तदाब? कुणाच्या घरात जुळी? ऋजुता उत्तरं देत गेली. आईच्या बाजूला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत, हे तिने आपणहून सांगितलं. त्या भागात ही गोष्ट घरोघरी माहीत असते.

“पहिलटकरीणच ना तू?”

“हो.”

शालनताईंनी नोंद केली आणि रक्ताचा थेंब पेशीवाचकात सोडला. चपात्यांच्या डब्याएवढं ते यंत्र दोन वर्षांपूर्वी केंद्रात आलं होतं. पूर्वी बाळाला सिकल आहे का, हे कळायला पोटातून सुईने पाणी काढावं लागे. आता आईच्या रक्तात तरंगणाऱ्या बाळाच्या मोजक्या पेशी हे यंत्र शोधून काढायचं आणि त्यांतली गुणसूत्रं वाचायचं. लाखो पेशींत एखादी परकी पेशी असली तरी ती त्याला सापडे. अशा पेशींना अहवालात लांबलचक नाव होतं, पण शालनताई त्यांना पाहुण्या पेशी म्हणत, आणि आता सगळा तालुका तेच म्हणू लागला होता.

दहा मिनिटांनी पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली. शालनताईंनी कुणालला जवळ बोलावलं. ही बाळाची, त्या म्हणाल्या, आणि सिकलचा धोका नाही. कुणाल वाकून त्या ओळीकडे असा बघत राहिला, जणू तिला डोळे फुटणार होते. खाली दुसरी, पिवळी ओळ आली. ही कुणाची, त्याने विचारलं. शालनताई हसल्या.

“ही तिच्या आईची. नऊ महिने पोटात होती ना, येताना थोडी आई घेऊन आली. सगळ्यांच्याच अंगात असते.”

ऋजुताला ते ऐकून गंमत वाटली. आईला हे सांगायला हवं, असं तिच्या मनात येतंय तोच पिवळ्या ओळीखाली तिसरी ओळ उमटली. ती निळी होती.

 शालनताईंनी यंत्राची नळी बदलली, ऋजुताचं दुसरं बोट टोचलं आणि पुन्हा दहा मिनिटं थांबल्या. पुन्हा हिरवी, पिवळी, निळी. मग त्यांच्या हातून ती चूक झाली, जिच्याबद्दल पुढे त्यांनी ऋजुताची दोनदा माफी मागितली. तीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“पहिलटकरीणच ना गं?”

हा प्रश्न दुसऱ्यांदा का विचारला गेला, हे कुणालला कळलं नाही, पण तो विचारला गेला हे कळलं. त्याने बायकोकडे पाहिलं. शालनताईंनी सावरून घेत त्याला बाहेर बसायला सांगितलं. काही प्रश्न बाईला एकटीलाच विचारायचे असतात, नियमच आहे, असं त्या म्हणाल्या. ते खरंही होतं, पण त्या क्षणी ते सबबीसारखं वाटलं.

दार लागल्यावर त्यांनी सांगितलं की ही तिसरी ओळ पुरुषाच्या पेशींची आहे. पोटात राहिलेल्या मुलाच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहतात, मग ते मूल जन्माला आलेलं असो नसो. म्हणून पहिली शंका तीच येते. दुसरं असंही असू शकतं की ऋजुता स्वतः पोटात असताना तिच्याबरोबर जुळा भाऊ होता आणि तो विरून गेला. आणखीही एक शक्यता असते. पण ती पूर्ण वाचन केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पूर्ण वाचनाला चाळीस मिनिटं लागतात. नको असेल तर ओळ इथेच सोडून देता येते. बाळाला तिचा काही त्रास नाही.

ऋजुताला त्यांचं बोलणं अर्धवटच ऐकू येत होतं. तिचं मन नागपूरच्या एका वसतिगृहात जाऊन पोचलं होतं. पाच वर्षांपूर्वी, अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात, तिची पाळी जवळजवळ तीन आठवडे लांबली होती. मग दोन दिवस भयंकर पोट दुखून रक्त गेलं. तिने तपासणी केली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. परीक्षेचा ताण, असं स्वतःला समजावून तिने ते मनाआड केलं होतं. आता ते खरंच ताणामुळे होतं की दुसरं काही, हेच तिला ठरवता येईना. आपल्याच अंगात घडलेली गोष्ट आपल्यालाच माहीत नसावी, हे कसं होऊ शकतं?

वाचन करा, ती म्हणाली.

व्हरांड्यातल्या बाकावर कुणाल फोन उलटा ठेवून बसला होता. तिने शेजारी बसून त्याला तिसऱ्या ओळीबद्दल सांगितलं, आणि मग थांबवेना म्हणून नागपूरचंही सांगितलं. नागपूरला लग्नाआधी कुणीतरी होता, एवढं कुणालला माहीत होतं. त्याने कधी खोदून विचारलं नव्हतं. आता सगळं ऐकून त्याने समोरच्या फलकाकडे नजर वळवली. फलकावर गरोदरपणात काय खावं याची यादी होती.

“आज मशीनने दाखवलं नसतं, तर सांगितलं असतंस?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “माहीत नाही,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. रागाने, की समजून, हे तिला ओळखता आलं नाही. थोड्या वेळाने तो उठला आणि तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला. मग पुन्हा बसला तो मघापेक्षा थोडा दूर.

शालनताईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं. पडद्यावर आता तीन ओळींमध्ये रेघा जोडलेल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून दाखवलं: मूल असलं की त्यातला अर्धा वाटा आईचा असतो. हिरव्यात अर्धी ऋजुता आहे. निळ्यात मात्र ती अर्धी नाही, पावच आहे. म्हणजे हे तिचं मूल नव्हे. जुळा भाऊही नव्हे, कारण तोही निम्मा जुळला असता. निळी ओळ अर्धी जुळते ती पिवळीशी.

“पिवळी म्हणजे आई,” ऋजुता म्हणाली.

“हो. तुझ्याआधी तुझ्या आईच्या पोटात एक मुलगा होता. त्याच्या पेशी तिच्या अंगात राहिल्या, आणि तू पोटात असताना तिच्यातून तुझ्यात आल्या.” शालनताईंनी बोट निळ्या ओळीवर नेलं. “तुझ्याशी तो निम्मा नाही, पावच जुळतो, म्हणजे त्याचे वडील तुझे वडील नाहीत, बाई.”

ऋजुताला आधी सुटल्यासारखं वाटलं. लगेच कुणालला नागपूरचं उगाच सांगितलं, याची चीड आली. आणि मग दोन्ही बाजूला सारून तिसरंच काहीतरी वर आलं, ज्याला काय म्हणावं ते तिला समजेना. तिची आई, रत्नकला, अंगणवाडी सेविका होती. गावातल्या पाचशे बायकांच्या गरोदरपणाच्या नोंदी तिने स्वतःच्या हाताने केल्या होत्या.

“मग माझं ते पाच वर्षांपूर्वीचं काय होतं?” तिने शेवटी विचारलं.

“नुसती लांबलेली पाळी असेल. किंवा इतक्या लवकर गेलं असेल की मागे काही राहिलं नाही. यंत्राला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं मी नाही म्हणणार.”

शालनताईंनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. दत्तक गेलेली, टाकून दिलेली माणसं आपल्या आईचा शोध घेण्यासाठी पेशीवंशाच्या नोंदवहीत स्वतःची पेशी नोंदवतात. ऋजुताने निळी ओळ त्या नोंदवहीत जाऊ दिली आणि तो मुलगा शोधत असला, तर जुळणी होईल. पुसली तर कायमची पुसली जाईल. पेशी तिच्या अंगात आहेत म्हणून निर्णय तिचा, असं कायदा म्हणतो. मुदत तीस दिवसांची. मग त्यांनी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दिली, पुढची तारीख सांगितली आणि तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

बाहेर आल्यावर तिने कुणालला सांगितलं. 

“म्हणजे तुला भाऊ आहे,” तो म्हणाला.

तो शब्द तोवर तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

आईचं घर वीस मिनिटांवर होतं. कुणालने न विचारता गाडी तिकडे वळवली. मी पारावर थांबतो, तुम्ही बोला, असं म्हणून तो उतरला. वडील एसटीच्या डेपोत होते, सहाशिवाय येत नसत. रत्नकला अंगणवाडीतून येऊन नुकतीच टेकली होती. लेकीला पाहताच तिने भेट कशी झाली, वजन किती भरलं, लोहाच्या गोळ्या दिल्या का, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. हे प्रश्न ती रोज कुणा ना कुणाला विचारत असे.

सगळं कसं सांगायचं, हे ऋजुताने गाडीत चार प्रकारांनी ठरवलं होतं. त्यातलं एकही तिला आठवेना. ती म्हणाली, “आई, यंत्राला माझ्या रक्तात तू सापडलीस. आणि तुझ्याबरोबर अजून एक जण सापडला. मुलगा.”

 रत्नकलाने पदराने आधीच कोरडे असलेले हात पुसले. नाही म्हणायचं तर ती म्हणू शकली असती. यंत्र चुकतं, असं म्हटलं असतं तर ऋजुताने त्या दिवशी कदाचित मानलंही असतं.

“मी एकोणीस वर्षांची होती,” ती म्हणाली. “मामीकडे ठेवलं होतं मले, बालाघाटले. बारा दिवस होता माझ्यापाशी. तेराव्या दिवशी संस्थेचे लोक घेऊन गेले.”

तिने एवढंच सांगितलं. त्याचे वडील कोण, हे ती बोलली नाही आणि ऋजुताने विचारलं नाही. ऋजुताच्या वेळी स्वतःच्या कार्डावर ‘पहिली खेप’ असं लिहिताना आपलं पेन थांबलं होतं, असं मात्र तिने सांगितलं. बाबांना माहीत आहे का, या प्रश्नावर ती दाराकडे बघत राहिली.

“माहीत असंल. नसंल. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, रोज वाटते आज विचारतील.”

ऋजुताने नोंदवहीचं सांगितलं. फोनवर तो अर्ज आला होता, ठेवा आणि पुसा असे दोन चौकोन होते. रत्नकलाने चष्मा लावून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. सरकारी कागद वाचायची तिची तीच रीत होती. वाचून झाल्यावर तिने फोन परत दिला. आत्ता काही दाबू नको, एवढंच ती म्हणाली. ठेव म्हणाली नाही, पुस म्हणाली नाही.

“तो आहे का जिवंत, हे सांगते का तुझं यंत्र?”

“नाही. ते नाही कळत.”

“पण त्याच्या ह्या पेशी जिवंत हायेत?”

“हो. ते नक्की.”

“कुठं?”

तेही नीट सांगता येत नाही, ऋजुता म्हणाली. रक्तात असतात, हृदयात, यकृतातही जाऊन बसतात. त्यांतल्या काही तुझ्या अंगात अजून असतील. रत्नकलाने आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. मग तो लेकीच्या दंडावर ठेवला, ताप बघावा तसा. अडतीस वर्षांचा झाला असेल, ती म्हणाली. एवढा मोठा माणूस रस्त्यात समोर आला तरी कसा ओळखू येणार?

डेपोतून सुटणाऱ्यांच्या गाड्यांचे आवाज गल्लीच्या तोंडाशी येऊ लागले होते. वडील केव्हाही दारात उभे राहिले असते. ऋजुताला वाटलं, आई आता उठेल, तोंडावर पाणी मारेल आणि चहा टाकेल. पण रत्नकला हलली नाही. तिचा हात दंडावरून खाली सरकला आणि लेकीच्या पोटाशी येऊन थांबला. तिथे अजून काही दिसण्यासारखं नव्हतं.

“ऋजू,” तिने हळूच विचारलं, “तुझ्या ह्या लेकरातही जाईल का तो, थोडासा?”