ओमच्या हाताची सेटिंग

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. त्याचा उजवा हात मी स्वतः पाहिलाय. साल २००५, नाशिकमधलं सातपूर. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

शुभांगीमावशीला दोन मुलं. थोरला ललित, एका कारखान्यात लेथ मशीनवर. धाकटा ओम, सोळा वर्षांचा. ओमच्या अंगातली ताकद आजारपणाने हळूहळू चालली होती. आधी पाय गेले, मग डावा हात. उजव्या हाताची जेमतेम दोन बोटांएवढी हालचाल उरली होती.

तेवढ्यावर पोरगं विमान उडवायचं.

कॉम्प्युटरवर. जॉयस्टिक ललितनेच आणली, आत हलकी स्प्रिंगही त्यानेच बसवली. मग सेटिंग. दांडी चारी बाजूंना शेवटपर्यंत फिरवायची आणि मध्ये सोडायची. तुम्ही जेवढी फिरवाल, तेवढंच कॉम्प्युटर पूर्ण धरतो. ओमने दांडी दोन बोटंभर फिरवली. तेवढ्यावरच त्याचं विमान आभाळात.

ललित भाऊ म्हणून चांगलाच होता हो. पण माणसाच्या मनात कधी काय शिरेल...

एका शनिवारी तो पेढे घेऊन आला. नोकरीत पर्मनंट झाला होता. घरात अख्खी गल्ली जमलेली. ओम पहिल्यांदाच विमान धावपट्टीवर उतरवत होता. मावशीने मागे न बघताच पुडा घेतला आणि फ्रिजवर ठेवला.

ललितचं डोकं फिरलं.

रविवारी पुन्हा सगळे येणार होते. त्याआधी, ओमची आंघोळ चालू असताना, ललितने सेटिंग नव्याने केली. आपल्या धडधाकट हाताने, पार कोपऱ्यापर्यंत. आता ओमची दोन बोटं त्या कॉम्प्युटरला पुरणार नव्हती.

दुपारी ओमने दांडी ओढली. विमान धावलं... वर उठलंच नाही. कुंपणात घुसलं.

सगळे खदाखदा हसले. ललितही.

"आई, माझा हात गेला गं," ओम म्हणाला.

ललितने तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणून टाळलं, आणि मग तोंडच उघडेना. ओमने पुन्हा जॉयस्टिकला हात लावला नाही. पुढे जेवणही सोडलं. अठराव्या दिवशी गेला.

तेराव्यानंतरचा रविवार. मावशी भाजी आणायला गेली होती. लोडशेडिंगची वेळ झाली. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली.

कट्...

ललितने मान वळवली.

कट्... कट्...

जॉयस्टिकची दांडी हलत होती. दोन बोटं डावीकडे. दोन बोटं उजवीकडे.

लाइट नव्हती. यूपीएस कधीचा बिघडलेला. तरी स्क्रीन उजळली... त्यावर तीच सेटिंगची खिडकी.

घाबरून ललितने दांडी घट्ट धरली.

हात सुटेना. दांडी त्याच्या हातासकट फिरली... दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे. सावकाश, शिंपी माप घेतो तशी. मग मध्ये थांबली.

स्क्रीन विझली.

त्या दिवसापासून ललितचा हात तेवढाच हलतो. दोन बोटं. नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. हाताला काहीच झालेलं नाही म्हणतात. पर्मनंट नोकरी गेली.

शेवटी एकदा मावशी वरणभात भरवत असताना तो ढसाढसा रडला. सगळं कबूल केलं. तिने घास थांबवला नाही.

"माहितीये मला. ओम बोलला."

"कधी? जायच्या आधी?"

"नाही रे. परवा."

मग तिने त्याचं तोंड पुसलं, कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि त्याचा हात दांडीवर ठेवला.

"ओढ."

दोन वर्षं झाली, रोज दुपारी ती त्याला तिथे बसवते. कॉम्प्युटरमधली सेटिंग मात्र अजून ललितनेच तेव्हा केलेली, कोपऱ्यापर्यंतची. कुणाला बदलू देत नाही. ललित घामाघूम होऊन ओढतो, विमान कुंपणात घुसतं, मावशी हसते. म्हणते, अजून ओढ.

मी तिकडे जाणं सोडलंय.

काल मावशीचा फोन आला. खुशाली विचारली. मग म्हणाली, "त्या रविवारी तूपण होतास ना रे, हसणाऱ्यांत?"

होतो.

"उद्या दुपारी जेवायला ये. ओम आठवण काढतोय."